नीळ्ळु

आई पाण्याला नीळ्ळु म्हणायची,
शाळेतल्या बाई पाणी.
मला वाटायचं, पाणी म्हणजे नीळच असणार,
आणि आमच्या गल्लीतल्या गटारानं ते कधी खोटं पाडलं नाही:
सोमवारी निळं, बुधवारी राणी रंगाचं,
सणाच्या ऑर्डरी असल्या की दुपारपर्यंत तीन रंग.

सव्वीस वर्षं डाय हाउसला होतो.
चादरीचं सूत बुडवायचं, पिळायचं, वाळत घालायचं,
उरलेलं पाणी सोडून द्यायचं.
कुठं, ते कुणी विचारलं नाही.
मीपण नाही.

कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा साडू म्हणाला,
होटगीच्या माळावर ये, माझ्या तळ्यावर बस.
प्लास्टिक अंथरलेलं शेततळं, आठ हजार तिलापिया.
मासे खातात, मासे हगतात,
आणि त्याच पाण्यातून श्वास ओढतात बिचारे.
म्हणून दर आठवड्याला तळाचं पाणी ओढ्याला
सोडून द्यायचं.
हात सवयीनं व्हॉल्व्हकडं गेला.

पाचव्या आठवड्यात शिवव्वा बांधावर आली, मागं म्हैस.
"कोंडय्या, म्हस तोंड लावंना बघ पाण्याला."
एवढंच. मग दोघी उभ्याच राहिल्या.
भांडली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

त्याच महिन्यात कंबर तलावातली जलपर्णी काढत होते,
काठावर ढीग, वर बगळे.
मी लुनाला दोन पोती बांधली.
होडीतला माणूस ओरडला, "काय बे, ही ब्याद घरी नेतो?"
म्हटलं, मोलकरीण पाहिजे.

तळ्याच्या उताराला तीन खड्डे खणले.
पहिल्यात कर्दळ आणि पाणकणीस,
दुसऱ्यात ही ब्याद,
तिसरा उघडा ठेवला, काही लावलं नाही.

आठ दिवसांनी एक रोप उपटून पाहिलं.
खाली मुळं: सुताची लडीच, काळी-जांभळी,
एकेका धाग्याला गाळ चिकटलेला.
मी जन्मभर सुताला रंग पाजला.
हे सूत आपणहून पीत होतं.

किटवाल्या पोरानं कार्ड दिलं,
पिवळ्यापासून गर्द हिरव्यापर्यंत सात चौकोन,
जितकं हिरवं तितका अमोनिया.
मी म्हटलं, या दोन चौकोनांच्या मधे अजून चार शेड आहेत.
तो हसला. त्याला कुठं माहीत.
पहिल्या दिवशी नळीत शेवाळी,
अकराव्या दिवशी पोपटी,
महिन्याभरानं पिकल्या लिंबाची साल, पण देठाकडची.

मग मी तापानं पडलो, वीस दिवस.
उठून बघतो तर दुसरा खड्डा गच्च,
वरून जांभळी फुलं, लग्नघरासारखी,
खालची पानं कुजलेली.
जे जे प्यायली होती ते सगळं तिनं परत ओकलेलं.
नळी पुन्हा हिरवी. कार्डाच्या बाहेरची हिरवी.

तेव्हा कळलं, ती काही गिळत नाही,
नुसतं धरून ठेवते.
धरलेलं तिच्या हातातून काढून घ्यायला
माणूस लागतो, वेळेवर.
आता दर शनिवारी अर्धी उपटतो,
शेवग्याखाली ढीग घालतो.
ढिगात हात घातला तर गरम लागतं आत.

नखांतली निळाई वाढत वाढत टोकाला आली,
कापली, ढिगातच टाकली.

म्हशीचं विचाराल तर शिवव्वा अजून
तिला वरच्या बांधानं नेते. बरोबर आहे तिचं.
काल मात्र रेडकू दावं तोडून आलं,
तिसऱ्या खड्ड्यात गुडघाभर उतरलं,
फुरफुरून पाण्यावरची धूळ बाजूला सारली.
शिवव्वा लांबून बघत होती, हाक मारत नव्हती.
मीपण काठी तशीच खाली धरून उभा.

"नीळ्ळु," मी हळूच म्हटलं,
कुणाला कोण जाणे.
रेडकानं एक कान हलवला.